खऱ्या फोटोंच्या फाइली न ठेवता चित्र-अपलोडच्या कोडच्या युनिट टेस्ट कशा लिहाव्यात?

प्रश्न : काटोल_नाका, नागपूर

नमस्कार. आमचा नागपुरातील लहानसा चमू संत्रा बागायतदारांसाठी एक वेब-अ‍ॅप चालवतो. काटोल आणि नरखेड भागातील बागायतदार आपल्या मालाचे फोटो मोबाइलवरून अपलोड करतात, आणि कळमन्याच्या बाजारातील व्यापारी गाडी निघण्याआधीच ते फोटो पाहून भावाची बोलणी सुरू करतात. सर्व्हरवर जँगो हे पायथॉनमधील वेब-फ्रेमवर्क आहे आणि फोटोंवरील सर्व प्रक्रिया पिलो या लायब्ररीने होते. फोटो आला की आमचा कोड त्याचा आकार ८ एमबीच्या आत आहे का ते पाहतो, तो जेपेग किंवा पीएनजी आहे याची खात्री करतो, आडवा पडलेला फोटो सरळ करतो, त्यातील जीपीएसची नोंद काढून टाकतो, ३२० पिक्सेल रुंदीचे थंबनेल बनवतो आणि मग दोन्ही चित्रे स्टोरेजमध्ये ठेवतो.

या कोडच्या चाचण्या सध्या एका फोल्डरमधील खऱ्या फोटोंवर चालतात, आणि तो फोल्डर प्रत्येक हंगामात फुगत गेला आहे. रिपॉझिटरी जड झाली आहे, चाचण्या संथ झाल्या आहेत, पण मला सर्वांत जास्त टोचते ती तिसरी गोष्ट : हे फोटो खऱ्या शेतकऱ्यांचे आहेत, त्यांतील काहींत घरच्या माणसांचे चेहरे आहेत आणि बागेचे नेमके ठिकाण फाइलीच्या आतच नोंदलेले आहे. नव्याने आलेला प्रत्येक प्रशिक्षणार्थी रिपॉझिटरी क्लोन करतो तेव्हा हे सगळे त्याच्या लॅपटॉपवर जाते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांनी संत्रा विकण्यासाठी फोटो दिला त्यांनी तो आमच्या चाचण्यांसाठी दिलेला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की अपलोड झालेली फाइल, पिलो आणि स्टोरेज या तिन्हींच्या जागी मॉक, म्हणजे ठरवून दिलेले उत्तर देणाऱ्या खोट्या वस्तू, ठेवावेत, म्हणजे फाइलींचा प्रश्नच मिटेल. मला शंका अशी आहे की तिन्ही खोटे असतील तर त्या चाचणीत तपासले जाईल ते काय? नेमके काय खोटे ठेवावे आणि काय खरे, आणि विशेषतः आडवे फोटो व बिघडलेल्या फाइली यांच्या चाचण्या फाइलीविना कशा लिहाव्यात, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. आंबिया बहराची आवक सुरू होण्यापूर्वी हे काम पूर्ण करण्याचा आमचा मानस आहे.

उत्तर : सेमिनरी_हिल्स

आपली शंका रास्त आहे. माझे मत थोडक्यात असे की फाइल खोटी असावी, पण चित्र खरे असावे. पिलो हातात असताना चित्र डिस्कवरून आणण्याची गरजच नाही, ते चाचणी चालू असताना मेमरीत तयार करता येते. पिलोला हव्या त्या रुंदी-उंचीचे कोरे चित्र बनवायला सांगायचे, ते बाइट्सआयओ या मेमरीतल्या फाइलीत जेपेग किंवा पीएनजी म्हणून जतन करायचे, आणि निघालेले बाइट जँगोच्या सिम्पल-अपलोडेड-फाइल या वर्गाला नाव व कंटेंट-टाइपसह (फाइलीचा प्रकार सांगणाऱ्या नोंदीसह) द्यायचे. आपल्या कोडच्या दृष्टीने ही वस्तू आणि मोबाइलवरून आलेली लहान फाइल यांत फरक राहत नाही, कारण हा वर्ग जँगोच्या मेमरीतील अपलोड-वर्गाचाच उपवर्ग आहे. हे तीन टप्पे एका लहान मदतनीस फंक्शनमध्ये ठेवावेत, आणि त्याला रुंदी, उंची, रंगपद्धती, स्वरूप व ओरिएंटेशन एवढे पॅरामीटर द्यावेत. मग प्रत्येक चाचणीच्या पहिल्या ओळीतच वाचणाऱ्याला कळते की या फोटोत महत्त्वाचे काय आहे. फोल्डरमधील एखादी फाइल उघडून पाहिल्याशिवाय ती तिथे का आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच असे फोल्डर फुगत जातात, कारण फाइल काढून टाकण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

आता आडव्या फोटोंविषयी सविस्तर लिहितो, कारण तिथे कोरे एकरंगी चित्र फसवते. मोबाइल बहुतेक वेळा पिक्सेल फिरवत नाही, तो एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच असलेल्या माहितीत, २७४ क्रमांकाच्या टॅगखाली १ ते ८ यांपैकी एक आकडा लिहितो आणि दाखवणाऱ्याने त्यानुसार चित्र फिरवावे अशी अपेक्षा असते. पिलोमध्ये रिकामी एक्झिफ वस्तू बनवून तिच्यात २७४ या किल्लीवर ६ ठेवावे आणि चित्र जतन करताना ती वस्तू सोबत द्यावी, म्हणजे उभा धरलेल्या मोबाइलचा, पण पिक्सेल आडवे पडलेला फोटो तयार झाला. त्यानंतर ६४ बाय ३२ चे चित्र प्रक्रियेनंतर ३२ बाय ६४ झाले का, एवढेच तपासून थांबण्याचा मोह होतो. परंतु रुंदी-उंचीची अदलाबदल केवळ ५ ते ८ या आकड्यांत होते. ३ म्हणजे उलटे चित्र, त्यात मापे तीच राहतात. शिवाय ६ ऐवजी ८ समजून कोडने चित्र विरुद्ध दिशेला फिरवले, तरी मापे बरोबरच येतात आणि चाचणी हिरवी होते, मग व्यापाऱ्याला क्रेट डोक्यावर उभे दिसले तरी.

यासाठी चित्राला एक ओळखीचा कोपरा द्यावा. सगळे चित्र निळे, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात १६ बाय १६ पिक्सेलचा लाल चौकोन. ओरिएंटेशन ६ असेल तर प्रक्रियेनंतर लाल चौकोन वरच्या उजव्या कोपऱ्यात यायला हवा, ३ असेल तर खालच्या उजव्या, आणि ८ असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्यात. चौकोन १६ चा घ्या असे मुद्दाम सांगतो. जेपेग ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत दाबले जाते आणि रंगांची माहिती तर सहसा त्याहून विरळ साठवली जाते, त्यामुळे एकाच पिक्सेलचा लाल ठिपका शेजारच्या निळ्यात मिसळून जांभळट होतो आणि चाचणी कारण नसताना मोडते. चौकोनाच्या मध्यातला पिक्सेल वाचावा आणि त्याचा लाल घटक २०० च्या वर व निळा घटक १०० च्या खाली आहे एवढेच पाहावे. जेपेगच्या बाबतीत नेमक्या रंगाची अपेक्षा धरू नये. नेमकेपणा हवा असेल तिथे पीएनजी वापरावे.

जीपीएसच्या चाचणीतही अशीच एक खोच आहे. पिलो जेपेग जतन करताना, आपण वेगळे सांगितल्याशिवाय, एक्झिफ लिहीत नाही. त्यामुळे आज आपल्या कोडमधून जीपीएस निघून जात असेल तर ते कदाचित आपोआप होत असेल, आणि उद्या कोणी फोटोची तारीख टिकवण्यासाठी एक्झिफ परत जोडले की बागेचा पत्ता निमूटपणे बाहेर जाईल. म्हणून ही चाचणी अवश्य लिहावी. मात्र आत जाणाऱ्या चित्रात जीपीएस खरोखर आहे, हे त्याच चाचणीत आधी तपासून घ्यावे. नाहीतर मदतनीस फंक्शन कधीतरी बदलते, जीपीएस आतच जात नाही, आणि बाहेर नाही म्हणून चाचणी समाधानाने उत्तीर्ण होत राहते. मी अशा चित्रात आपल्या झिरो माइलच्या आसपासचे, म्हणजे साधारण २१ अंश ९ कला उत्तर आणि ७९ अंश ५ कला पूर्व असे ठिकाण लिहितो. ते सार्वजनिक ठिकाण आहे, कोणाची बाग नाही.

थंबनेलबद्दल फार लिहीत नाही : ६४० बाय ४८० चे ३२० बाय २४० व्हावे, आणि १०० बाय ५० चे तसेच राहावे, कारण पिलोचे थंबनेल फंक्शन लहान चित्र मोठे करत नाही. एक चाचणी मात्र पारदर्शक पीएनजीची ठेवा. रंगपद्धती आरजीबीए असलेले चित्र पिलो जेपेग म्हणून जतन करायला नकार देते आणि अपवाद उभा राहतो, आणि असे पीएनजी स्क्रीनशॉटच्या रूपाने बागायतदारांकडून नक्कीच येणार.

उत्तर : महाल_चौक

वरील उत्तराशी सहमत आहे. मॉकविषयी मात्र थोडे अधिक बोलणे आवश्यक वाटते, कारण आपल्या सहकाऱ्याची सूचना अनेक ठिकाणी ऐकू येते आणि ती पूर्णपणे चुकीचीही नाही.

अपलोड झालेल्या फाइलीला वाचनाची एक जागा असते. कोडने ती एकदा शेवटपर्यंत वाचली की पुढच्या वाचनात काहीही मिळत नाही, जोपर्यंत जागा पुन्हा शून्यावर आणली जात नाही. स्वरूप तपासण्यासाठी फाइल वाचणे, आणि मग ती मागे न आणता पुन्हा वाचून निघालेले बाइट स्टोरेजला देणे, या चुकीमुळे शून्य बाइटची फाइल जतन होते, आणि अपलोडच्या कोडमध्ये यापेक्षा वारंवार आढळणारी चूक क्वचितच असेल. आता मॉक घ्या. त्याच्या वाचनाला आपण एक उत्तर ठरवून दिलेले असते आणि तो ते प्रत्येक वेळी तसेच देतो, त्यामुळे मॉकवर चालणाऱ्या चाचणीत ही चूक कधीच दिसणार नाही. बाइट्सआयओला खरी वाचन-जागा आहे, तिथे ती पहिल्याच फेरीत दिसेल. हेच पिलोच्या व्हेरिफाय या फाइल तपासणाऱ्या फंक्शनचे : ते चालवल्यानंतर चित्र वापरायचे असेल तर फाइल नव्याने उघडावी लागते, असे पिलोच्या दस्तऐवजातच सांगितले आहे. पिलोचाच मॉक केला तर हा नियम मोडल्याचे कळण्याचा मार्ग उरत नाही.

स्टोरेजचे तसे नाही. चित्र कुठे ठेवले जाते हा आपल्या कोडचा विषय नसून आपण दिलेल्या आज्ञेचा परिणाम आहे, तेव्हा तिथे पर्यायी वस्तू ठेवणे योग्यच. परंतु तिथेही मॉकपेक्षा खरेच काम करणारे पण मेमरीत राहणारे स्टोरेज बरे. जँगो ४.२ पासून, म्हणजे २०२३ पासून, इन-मेमरी-स्टोरेज जँगोसोबतच येते. चाचणीपुरती सेटिंग बदलून ते मुख्य स्टोरेज म्हणून नेमावे, प्रक्रिया चालवावी, आणि मग त्यातूनच फाइल परत उघडून पिलोने वाचून पाहावी. चित्र खरोखर जतन झाले, ते उघडते, आणि त्याची मापे बरोबर आहेत, एवढे एका चाचणीत सिद्ध होते. जतन झालेल्या फाइलीच्या नावाची मात्र अक्षरशः तुलना करू नये, कारण त्या नावाची फाइल आधीच असेल तर जँगो नावाला यादृच्छिक अक्षरे जोडते. जुन्या आवृत्तीवर असाल तर मीडियाचा मार्ग पायटेस्ट या चाचणी-साधनाच्या तात्पुरत्या फोल्डरकडे वळवला तरी चालेल.

मॉक मला एका जागी उपयोगी वाटतो : स्टोरेजने नकार दिला, डिस्क भरली किंवा दूरच्या सर्व्हरशी संपर्क तुटला, तर आपला कोड अर्धवट नोंद डेटाबेसमध्ये मागे ठेवतो का, हे तपासण्यासाठी. अशी परिस्थिती खरी निर्माण करणे कठीण असते, तेव्हा अपवाद फेकणारा मॉक तिथे नेमका बसतो.

आणखी एक सुचवतो. आकारमर्यादा, परवानगी असलेली स्वरूपे, थंबनेलची मापे हे सगळे निर्णय साध्या फंक्शनमध्ये वेगळे काढता येतात, ज्यांना फक्त आकडे आणि शब्द दिले जातात. रुंदी ४०००, उंची ३०००, स्वरूप जेपेग, तर थंबनेल किती? या प्रश्नाला चित्रच लागत नाही. असे केल्यावर चित्र बनवून चालवायच्या चाचण्या मोजक्या उरतात आणि बाकीच्या क्षणात आटोपतात.

काटोल_नाका यांचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. लाल कोपऱ्याची कल्पना मी सहकाऱ्यांना दाखवली आणि ती सर्वांना पटली. बिघडलेल्या फाइलींबद्दल अजून विचारायचे राहिले आहे. अर्धवट उतरलेले फोटो आमच्याकडे वरचेवर येतात. चांगल्या चित्राचे बाइट मधूनच कापले तर ते पुरेसे होईल का? आणि ८ एमबीच्या वरची फाइल नाकारली जाते हे तपासण्यासाठी खरोखर तेवढे मोठे चित्र बनवावे लागेल का?

उत्तर : अंबाझरी_काठ

बाइट कापण्याची कल्पना योग्य आहे, पण कोणते चित्र कापता यावर सगळे अवलंबून आहे. पिलोने बनवलेल्या एकदोन पिक्सेलच्या जेपेगमध्ये बहुतेक बाइट हे चित्राचे नसून त्याच्या तक्त्यांचे असतात, म्हणजे संकुचित माहिती उलगडण्यासाठी लागणाऱ्या कोष्टकांचे. असे चित्र मधोमध कापले की कात्री शीर्षभागावरच पडते आणि पिलो फाइल उघडतानाच अपवाद उभा करते. ही चाचणी ठेवण्याजोगी आहे, पण आपल्याकडे येणारा अर्धवट फोटो हा नव्हे. त्याचा शीर्षभाग शाबूत असतो, मापे वाचता येतात, आणि बिघाड खालच्या भागात असतो. तो घडवण्यासाठी चित्रात भरपूर तपशील हवा. ६४ बाय ६४ च्या आरजीबी चित्राला १२,२८८ बाइट लागतात. ठरावीक बीज दिलेल्या यादृच्छिक आकड्यांनी ते भरावेत, जेपेग म्हणून जतन करावे आणि मग शेवटचा तिसरा हिस्सा काढून टाकावा. बीज ठरावीक असावे हे महत्त्वाचे, नाहीतर चाचणी एखाद्या दिवशी मोडेल आणि का मोडली हे सापडणार नाही.

आता अशी फाइल जँगोच्या फॉर्ममधील इमेज-फील्डला द्या. ती स्वीकारली जाईल. हे फील्ड पिलोचे व्हेरिफाय चालवते, आणि व्हेरिफाय जेपेगच्या बाबतीत तुटलेला शेवट शोधत नाही. पूर्ण चित्र उलगडल्याशिवाय तो कळणारच नाही, आणि कोणीही पाठवलेले अवाढव्य चित्र तिथेच पूर्ण उलगडले तर सर्व्हरची मेमरी संपवण्याचा मार्ग खुला होतो, म्हणून जँगोच्या मूळ कोडमध्ये टिप्पणी लिहून हे जाणूनबुजून टाळले आहे. तात्पर्य असे की अर्धवट जेपेगचा अपवाद आपल्या थंबनेल बनवण्याच्या टप्प्यात उभा राहील, आणि तो तिथे पकडून बागायतदाराला समजेल अशा मराठीत उत्तर द्यायला हवे. चाचणीनेही तेच तपासावे : फॉर्म उत्तीर्ण झाल्यानंतर प्रक्रिया अयशस्वी झाली, पाचशे क्रमांकाची (सर्व्हरच कोसळल्याची) चूक आली नाही, आणि स्टोरेजमध्ये काहीही उरले नाही. पीएनजीचे वर्तन वेगळे असते. त्याच्या प्रत्येक खंडासोबत तपासणी-बेरीज असते, त्यामुळे मधला एक बाइट बदलला तरी व्हेरिफायला तो सापडतो. दोन्ही स्वरूपांच्या वेगळ्या चाचण्या ठेवाव्यात. आपल्या कोडमध्ये कोणी पिलोचा ‘तुटलेली चित्रेही चालवून घ्या’ हा जागतिक पर्याय सुरू केलेला नाही ना, हेही पाहून घ्या, कारण तो सुरू असेल तर अर्धे करडे पडलेले थंबनेल बिनतक्रार तयार होते.

हेही नोंदवतो की नरखेडच्या शिवारात नेटवर्क तुटले म्हणून अर्धवट फोटो सर्व्हरवर जतन होतो असे सहसा घडत नाही, कारण मग विनंतीच अपुरी राहते. बहुधा मोबाइलवरची फाइलच आधीपासून अपुरी असते, म्हणजे ती कोणीतरी पाठवलेली आणि पूर्ण न उतरलेली असते. त्यामुळे ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश त्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही, ‘हा फोटो अपुरा आहे, दुसरा निवडा’ असे त्याला सांगावे लागेल.

खोट्या नावांच्या फाइलींसाठी तर पिलोचीही गरज नाही. साधा मजकूर जेपीजी नावाने द्यावा. पीएनजीचे बाइट जेपीजी नावाने आणि जेपेगच्या कंटेंट-टाइपने द्यावेत. नाव आणि कंटेंट-टाइप या दोन्ही गोष्टी पाठवणाऱ्याच्या हातात असतात, तेव्हा निर्णय आतल्या बाइटवरूनच व्हायला हवा. पीएनजीचे पहिले ८ बाइट नेहमी १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे असतात, आणि जेपेगची सुरुवात २५५, २१६, २५५ अशी होते. केवळ हे ८ बाइट आणि पुढे कचरा, अशीही एक फाइल चाचणीत ठेवा. सुरुवातीचे बाइट पाहून समाधान मानणारा कोड तिच्यात सापडतो.

मोठ्या फाइलीसाठी मोठे चित्र बनवू नये. बाइटमधील आकार आणि पिक्सेलमधील आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकरंगी ५००० बाय ५००० चे पीएनजी इतके दाबले जाते की आपली ८ एमबीची मर्यादा त्याला अडवणारच नाही. बाइटची मर्यादा सेटिंगमध्ये ठेवून चाचणीपुरती १००० बाइट करावी, आणि बरोबर १००० बाइट व १००१ बाइट अशा दोन फाइलींनी सीमा तपासावी. आकाराची तपासणी चित्र उघडण्याआधी होत असेल, आणि ती तशीच व्हायला हवी, तर त्या फाइलीत चित्र असण्याचीही गरज नाही. फाइलीच्या वस्तूवर आकाराचा खोटा आकडा लिहिण्याची युक्ती काही ठिकाणी दिसते. ती मला पसंत नाही, कारण कोड उद्या दुसऱ्या मार्गाने आकार मोजू लागला की चाचणी भलत्याच गोष्टीची ग्वाही देत राहील. पिक्सेलच्या मर्यादेसाठी पिलोची स्वतःची सीमा ८,९४,७८,४८५ पिक्सेल आहे. ती ओलांडली की इशारा मिळतो आणि दुप्पट ओलांडली की अपवाद. चाचणीत हा आकडा ५० केला तर १० बाय १० चे चित्र केवळ इशारा देते आणि ११ बाय १० चे चित्र अपवाद उभा करते. चाचणी संपल्यावर आकडा पूर्ववत करण्याची जबाबदारी पायटेस्टच्या मंकीपॅच या सोयीवर सोपवा.

उत्तर : धंतोली_पार्क

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कवर काम करणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात जोडतो. तिथे अपलोडेड-फाइल वर्गाच्या फेक या सोयीतून हव्या त्या मापांचे चित्र एका ओळीत मिळते आणि स्टोरेजचाही फेक आहे. चित्र जीडी विस्ताराने खरोखर बनवले जाते, त्यामुळे तो विस्तार चाचणीच्या सर्व्हरवर बसवलेला असावा लागतो. सावध राहण्याची जागा एकच आहे : या खोट्या फाइलीचा माइम-प्रकार (कंटेंट-टाइप) तिच्या आतल्या बाइटवरून ठरत नाही, नावावरून ठरतो. त्यामुळे जेपीजी नावाने मजकूर पाठवण्याची जी चाचणी वर सुचवली आहे, ती या सोयीवर लिहिली तर निरर्थक होते. तेवढ्यापुरती तात्पुरती फाइल लिहून मूळ अपलोडेड-फाइल वर्ग चाचणीचा ध्वज लावून वापरावा. तो ध्वज नसेल तर पीएचपी ती फाइल अपलोडमधून आलेली नाही म्हणून हलवूच देत नाही.

उत्तर : कोराडी_मार्ग

सर्वांच्या मताशी आदरपूर्वक थोडा मतभेद नोंदवतो. स्वतः बनवलेल्या चित्रात आपण तेच घालतो जे आपल्याला ठाऊक आहे. मोबाइल काय पाठवतो ते आपल्याला पूर्ण ठाऊक नसते. एक उदाहरण देतो : काही मोबाइलच्या जेपीजी फोटोंत मुख्य चित्रासोबत दुसरे चित्रही दडलेले असते, आणि पिलो अशा फाइलीचे स्वरूप जेपेग न सांगता एमपीओ असे सांगते. परवानगीच्या यादीत जेपेग आणि पीएनजी एवढेच असेल तर चांगला फोटो नाकारला जातो, आणि बिचाऱ्या बागायतदाराला कारण कळत नाही. मेमरीत बनवलेल्या कोणत्याही चित्रात हे आधी सुचले नसते. तसेच आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, हाइक स्वरूपात फोटो घेऊ शकतो, आणि पिलो ते स्वतःहून वाचत नाही, त्यासाठी वेगळे प्लगइन लागते. म्हणून खऱ्या फोटोंचा संग्रह पूर्णपणे टाकून द्यावा असे मला वाटत नाही.

मात्र तो शेतकऱ्यांच्या फोटोंचा नसावा, याबाबत मूळ प्रश्नकर्त्याशी मी पूर्ण सहमत आहे. कार्यालयातील सर्वांनी आपापल्या मोबाइलवर एकेका क्रेटचा फोटो घ्यावा, जीपीएस बंद ठेवून, आणि तो संग्रह रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवून नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा चालवावा. त्यात एखादी विचित्र गोष्ट सापडली की ती लहान चित्रात उतरवून नेहमीच्या चाचण्यांत आणावी. एमपीओचे तसे करता येते, कारण पिलो दोन लहान चित्रे एकत्र करून एमपीओ जतनही करते. त्या चाचणीचे नाव स्पष्ट ठेवले की दोन वर्षांनी येणाऱ्यालाही ती कशासाठी आहे ते कळते.

काटोल_नाका यांचे उत्तर

एमपीओचा मुद्दा आमच्या यादीत नव्हताच, तो तातडीने घेत आहोत. शेवटची एक अडचण विचारतो. आमचा थंबनेलचा कोड काही ठिकाणी फाइलीचा डिस्कवरील तात्पुरता मार्ग मागतो. मोठ्या फोटोंना तो मिळतो, पण चाचणीतील लहान चित्रांना मिळत नाही आणि चाचणी मोडते. येथे चाचणी बदलावी की कोड?

उत्तर : महाल_चौक

कोड बदलावा. चाचणीने आपल्याला खरीच चूक दाखवली आहे. जँगो २६,२१,४४० बाइटपर्यंतची, म्हणजे २.५ एमबीपर्यंतची विनंती मेमरीत ठेवते आणि त्यावरचीच डिस्कवर तात्पुरत्या फाइलीत उतरवते. तात्पुरता मार्ग हा केवळ दुसऱ्या प्रकाराकडे असतो. याचा अर्थ असा की बारा मेगापिक्सेलचा मोठा फोटो आपल्याकडे व्यवस्थित चालतो, आणि स्वस्त मोबाइलवरचा किंवा आधीच दाबून लहान झालेला फोटो आजही त्या ठिकाणी मोडत असला पाहिजे. मार्ग न मागता फाइलीची वस्तूच पिलोला द्यावी, पिलो ती स्वीकारते.

दोन्ही वाटा तपासण्यासाठी मोठी फाइल लागत नाही. फाइल-अपलोड-मॅक्स-मेमरी-साइझ ही सेटिंग चाचणीपुरती १ बाइटवर आणावी आणि जँगोच्या टेस्ट-क्लायंटमधून नेहमीचे लहान चित्र पाठवावे. विनंती खऱ्या मल्टिपार्ट रूपात बांधली जाते, ती जँगोच्या नेहमीच्या वाटेने उलगडली जाते, आणि लहान चित्रही डिस्कच्या मार्गाने जाते. तीच चाचणी मूळ सेटिंगवर दुसऱ्यांदा चालवावी, पायटेस्टच्या पॅरामीटराइजने हे एका डेकोरेटरच्या ओळीत होते.

हे करताना चित्र मॉड्यूलच्या वर एकदाच बनवून दोन्ही फेऱ्यांत वापरू नका. टेस्ट-क्लायंट ते पाठवताना शेवटपर्यंत वाचतो, आणि दुसऱ्या फेरीत रिकामी फाइल जाते. ती जँगो रिकामी म्हणून नाकारते, आणि आपण चुकीच्या जागी कारण शोधत बसतो. मदतनीस फंक्शनने प्रत्येक वेळी नवी वस्तूच परत द्यावी.